स्टेनलेसच्या चाकूले जंग लागला? तारेची घासणी आधी बाजूला ठेवा

"स्टेनलेस आहे म्हणे, मंग याले जंग काहून लागला?"

दर पावसाळ्यात कोणी ना कोणी हे विचारतंच, अन् विचारताना चेहरा असा की दुकानदारानं गंडवलं. मागच्या महिन्यात शेजारचा पोरगा आला, नवा घडीचा चाकू, घेऊन दोन महिनेही झाले नव्हते, पात्यावर नखाच्या खाचेपाशी तीन-चार तपकिरी ठिपके, अन् ठिपक्यांच्या भोवती ओरखड्यांचं जाळं, कारण माझ्याकडे यायच्या आधी त्यानं घरच्या भांड्याच्या तारेनं तो दोन दिवस घासला होता. ठिपके घासायला लागल्यावर पाच-सात मिनिटांत निघाले. ओरखडे आहेत तसेच आहेत, ते आता चाकूसोबतच जातील.

तर ज्यानं पहिल्यांदाच बरा, हजार-दीड हजाराचा खिशातला चाकू घेतलाय अन् पहिला डाग पाहून ज्याचं काळीज हललंय त्याच्यासाठी हे लिहितोय. माझा अनुभव असा की जंगापेक्षा जंग काढायच्या घाईनं जास्त चाकू खराब होतात. सगळ्यात मऊ उपाय आधी करायचा, तो हरला तरच त्याच्या वरचा, अन् डाग निघाला की तिथंच थांबायचं.

जंग लागतोच कसा

पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम हवेतला ऑक्सिजन धरून पात्यावर एक पापुद्रा तयार करतं, इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही, अन् ओरखडा पडला तरी हवा लागली की तो आपोआप परत बनतो. १९१३ साली इंग्लंडात शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीची नळी लवकर झिजू नये म्हणून धातू शोधत होता, त्यातून त्याला हे सापडलं, त्याच्या पोलादात १२.८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम होतं. शेफिल्ड म्हणजे चाकू-सुऱ्यांचंच गाव, त्यामुळं ते पोलाद पहिल्यांदा जेवणाच्या सुऱ्यांमध्येच शिरलं.

आता लोक म्हणतात, घरचा स्टीलचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, वीस वर्षं पाण्यात आहे, त्याला कुठं काही होतं? बरोबर आहे, पण गुंडाचं स्टील वेगळं. बरीचशी चांगली भांडी ३०४ नावाच्या स्टीलची, त्यात १८ टक्के क्रोमियम अन् वरून ८ टक्के निकेल. ते जंगत नाही पण त्याला धार पण टिकत नाही, कारण ते तापवून-विझवून कडक करता येत नाही. चाकूला कडकपणा पाहिजे, कडकपणासाठी कार्बन पाहिजे, अन् कार्बन लेकाचा क्रोमियमला स्वतःकडे ओढून घेतो, मग पापुद्रा बनवायला क्रोमियम कमी उरतं. जुन्या स्पीकरमधलं मॅग्नेट घ्या, गुंडाला लावा, चिकटणार नाही किंवा अगदी हलकं ओढेल. चाकूच्या पात्याला लावा, खाडकन चिकटेल. दोघांवर नाव स्टेनलेस, जात वेगळी.

चाकू-चाकूत पण फरक असतो. पात्याच्या बुडाशी काय कोरलंय ते भिंग लावून वाचा. ४२० असेल तर जंग कमी लागतो पण धार लवकर जाते. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास पण क्रोमियम १६ ते १८, म्हणून तो दोन्ही बाजूंनी बरा. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी स्टील आजकाल स्वस्तातल्या चांगल्या चाकूंना असतं, क्रोमियम १३ च्या जवळपास, त्याला पावसाळ्यात जपावं लागतं. डी२ असं लिहिलं असेल तर तो धड स्टेनलेस नाहीच, अर्धवट आहे, त्याला डाग पडणारच. लाल मुठीचे स्विस चाकू १३ ते १५ टक्के क्रोमियमवाले, ते सहसा त्रास देत नाहीत, त्यांच्या कंपनीच्या नावातच, व्हिक्टोरिनॉक्समध्ये, शेवटी 'इनॉक्स' आहे, म्हणजे फ्रेंचमध्ये न गंजणारं. फ्रेंच लाकडी मुठीच्या चाकूंवर मात्र नीट पाहा, एकाच आकाराचा चाकू 'इनॉक्स' पण येतो अन् 'कार्बन' पण येतो, कार्बनवाला घेऊन स्टेनलेससारखा वापरला तर आठ दिवसांत काळानिळा होतो.

आपल्याकडेच जास्त काहून

मीठ. दुसरं काही नाही. तो जो पापुद्रा सांगितला त्याचा खरा वैरी पाणी नाहीच, क्लोराइड आहे, म्हणजे मिठातला तो अर्धा भाग. अन् आमच्या इकडं, पूर्णेच्या दोन्ही अंगाला अकोला, अमरावती, बुलढाण्यात जो खारपाणपट्टा आहे तिथं जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यानं बादली धुऊन उन्हात ठेवली की पांढरी पुटं धरते, ते पाहिलंच असेल. त्याच पाण्यानं चाकू धुवायचा, तसाच ओला मिटवायचा अन् खिशात टाकायचा, खिशात घाम, घामात परत मीठ. मे महिन्यात ४५ अंशाला वावरात उभा राहिलेल्या माणसाच्या खिशापेक्षा चाकूला वाईट जागा कोणती सांगा.

त्यात आपली कामं पण तशीच. खताचं पोतं चाकूनंच फाडतो ना आपण? पोटॅशचं पोतं असेल, तर म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे सरळसरळ पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. ती पावडर पात्याच्या जोडात बसते, हवेतला ओलावा ओढते, अन् तिथून तांबडं पाणी सुटतं. कैरी कापून तिखट-मीठ लावायचं अन् त्याच चाकूनं परत दुसरी फोड. संत्र्याचं आंबट त्यापेक्षा सभ्य म्हणायचं, पण तोड्याच्या दिवसात रस वाळून चिकट होतो, अन् चिकट झालं की त्याच्याखाली ओल दबून राहते अन् हवा पोचत नाही.

वरूड-शेंदुरजनाघाटकडच्या नर्सरीवाल्यांची अडचण अजून वेगळी. तिथं कलमाचा डोळा बांधायचा चाकू एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून ब्लीचच्या पाण्यात बुडवतात. ते बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, रोपं महत्त्वाची. पण ब्लीच पात्याला खातं, म्हणून दिवसाचं काम संपल्यावर चाकू साध्या पाण्यात धुऊन कोरडा करून तेलाचा हात फिरवल्याशिवाय ठेवायचा नाही, बस.

पहिलं काम: तो जंगच आहे का ते पाहा

उजेडात या, कपड्याच्या चिंधीला दोन थेंब गोडं तेल लावा अन् डागावर जरा दाबून पुसा. चिंधीवर तपकिरी-नारिंगी रंग उतरला तर वरवरचा जंग आहे, खुशाल राहा. काहीच उतरलं नाही तर पुढं पाहा.

पांढरट, खडूसारखे ठिपके असतील तर ते खाऱ्या-जड पाण्याचे, जंग नाही. काळपट चिकट पट्टा असेल तर झाडाचा चीक, तो कोमट पाण्यात साबण टाकून थोडा वेळ भिजवला की सुटतो. आणि एक गंमत सांगतो. बोर्डो मिश्रण, म्हणजे फवारणीचं मोरचूद-चुन्याचं पाणी, बरोबर जमलं का हे पाहायला आपले जुने लोक त्यात लोखंडी विळा नाहीतर चाकू मिनिटभर बुडवतात, लालसर थर बसला तर मोरचूद मोकळा राहिला, अजून चुना पाहिजे. तो लालसर थर म्हणजे तांबं. साध्या लोखंडावर जास्त बसतो, स्टेनलेसवर कमी, पण बसला की नवा माणूस त्याला जंग समजून घासत सुटतो. रंग जरा गुलाबी, तांब्याच्या लोट्यासारखा दिसला तर आधी आठवा की मागच्या फवारणीला हा चाकू कुठं होता.

आता शेवटची परीक्षा. शिवायची सुई घ्या, डागावरून अलगद, अजिबात जोर न देता ओढा. सुई सरळ गेली तर डाग वर आहे. टक्कन अडकली, म्हणजे खड्डा पडलाय. खड्ड्याचं पुढं सांगतो, त्याचा नियम वेगळा.

धुणं

चाकू पूर्ण उघडा. दोन-तीन पाती असतील तर एक-एक करून, सगळी एकदम उघडून पकडायला जाल तर बोट जाईल. धारेवर चिकटपट्टी लावून घ्या, मास्किंग टेप असेल तर उत्तम, नसेल तर कोणतीही. हे नवीन माणसानं टाळू नये, साबणाच्या हातात चाकू फिरतो.

कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. पात्यापेक्षा जोडात जास्त वेळ द्या, जिथं पातं मुठीत फिरतं तिथं, कारण खिशातली सगळी घाण, कापसाचा फुसका, खर्ऱ्याची सुपारी, माती, तिथंच जाऊन बसते अन् ओल धरते. ब्रश मारताना पाणी काळं निघेल, निघू द्या.

शेवटचं खळखळ पाणी बोअरचं नको. प्यायला जी आरओची कॅन येते त्यातलं एक ग्लास पाणी पुरतं. घरात कोणी म्हणेल, चाकूला कॅनचं पाणी? म्हणू द्या. मग कोरड्या सुती फडक्यानं पुसा, फडक्याचा कोपरा पिळून जोडात घाला, अन् अर्धा तास उघडा ठेवून द्या. चुलीवर किंवा गॅसवर धरून वाळवायचा नाही. उन्हानं काही होत नाही, ४५ अंशाचं ऊन पोलादाला काहीच नाही, पण ज्योत पात्याच्या टोकाला काही सेकंदांत इतकी तापवते की त्याचं पाणी उतरतं. पात्यावर पिवळसर नाहीतर निळी झाक आली की समजा तेवढा भाग मऊ पडला, तो मग कितीही पाजवा, धार धरत नाही.

डाग काढणं, मऊ हातानं

खायचा सोडा एक चमचा, त्यात थेंब-थेंब पाणी, टूथपेस्टसारखं घट्ट झालं पाहिजे. डागावर लावा अन् दहा मिनिटं विसरून जा.

आता घासायला काय घ्यायचं? इंग्रजी व्हिडिओत सगळे बाटलीचा कॉर्क सांगतात, आपल्याकडे कॉर्क आणायचा कुठून. मी ज्वारीच्या धांड्याचं भेंड वापरतो. लहानपणी ज्याच्या आपण बैल-बंड्या करायचो तेच, वरची साल काढली की आतला पांढरा मऊ गर. बोटभर तुकडा कापायचा, टोक थोडं तिरकं करायचं, ते सोड्यात टेकवायचं. भेंड लेप शोषून घेतं, डागावर बरोबर तेवढ्याच जागी बसतं, अन् पात्यापेक्षा कितीतरी मऊ असल्यानं त्यानं ओरखडा पडूच शकत नाही. घासायचं ते पात्याच्या लांबीत, मुठीकडून टोकाकडं, गोल-गोल नाही. पाठीच्या जाड बाजूकडं कल ठेवायचा. दहा-बारा फेऱ्या झाल्या की भेंडाचं टोक तपकिरी होतं, ते कापून टाका अन् ताजं टोक घ्या, नाहीतर काढलेला जंगच परत फासत बसाल. तीन-चार टोकं गेली की साधारण काम झालेलं असतं. भेंड नसेल तर पोरांचं खोडरबर चालतं, पांढरं, शाईचं खरखरीत नको.

शेजारच्या पोराच्या चाकूवर एवढंच केलं होतं. एक ठिपका मोहरीएवढा होता, वरून तपकिरी, मध्ये काळा. पहिल्या टोकाला कड फिकी झाली, दुसऱ्याला सगळं तपकिरी गेलं, तिसऱ्याला मध्ये फक्त सुईच्या अग्राएवढा काळा टिंब उरला. पोरगा म्हणे, "काका, तेवढा पण काढून टाका ना." मी म्हटलं, तो राहू दे, तो खड्डा आहे.

पांढरी टूथपेस्ट पण चालते, जेलवाली नको. घरची राख चालते पण वस्त्रगाळ करून, आजी विळे राखेनं घासायची ते बरोबरच होतं, पण तिच्या विळ्याला चकाकी टिकवायची नव्हती, राखेत एखादा वाळूचा कण असला की रेघ उठते. विटेचा चुरा तर नकोच नको.

नाही निघाला तर

लिंबू. अर्ध्या लिंबाचे दोन-चार थेंब कापसाच्या बोळ्यावर, बोळा फक्त डागावर, तीन-चार मिनिटं, मग पुसून सोड्याचं पाणी अन् परत धुणं. लिंबातलं सायट्रिक आम्ल जंग विरघळवतं, वर चिकटलेले साध्या लोखंडाचे कण पण घेऊन जातं, कारखान्यात स्टेनलेस साफ करायला हेच आम्ल वापरतात. पण लिंबासोबत मीठ लावा म्हणून जो उपाय फिरतो ना, तो तांब्या-पितळेच्या भांड्यांचा आहे, चाकूवर करू नका. वर एवढं मिठाचं रामायण सांगितलं ते याचसाठी.

व्हिनेगरची गोष्ट माझीच आहे, सांगतो. मामेभावानं पुण्याहून चाकू आणून दिला होता, चांगला, पितळी पट्ट्यांचा. दोन ठिपके दिसले, मी कुठंतरी पाहिलं की व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मी ग्लासात उभा केला अन् झोपलो. सकाळी ठिपके गेलेले, हे खरं. पण जिथपर्यंत व्हिनेगर होतं तिथपर्यंत पातं राखाडी, निस्तेज, वर चकाकी, अन् मधोमध एक सरळ रेघ, पुराच्या पाण्याची भिंतीवर राहते तशी. पितळेवर हिरवट पाणी सुटलं होतं, स्प्रिंग कुरकुरत होती. ती रेघ काढता काढता वॉटर पेपरचे तीन तुकडे संपले अन् चाकू पहिल्यासारखा झाला नाही तो नाहीच. व्हिनेगर वापरायचंच तर लिंबासारखं, बोळ्यानं, मिनिटं मोजून.

त्याच्या वरचा उपाय म्हणजे मेटल पॉलिश, ब्रासोसारखं, मऊ फडक्यावर थोडंसं. ते झालं की साबणानं चांगलं धुवा, तो चाकू फळाला लावायचा असेल तर दोनदा.

अन् अगदी शेवटी वॉटर पेपर. काळा असतो तो, गाडी पेंट करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे नाहीतर हार्डवेअरला मिळतो. १५०० किंवा २००० नंबरचा मागा, "बारीक द्या" म्हटलं की कधी कधी ४०० चा टेकवतात, त्यानं पात्याचं शेत नांगरल्यासारखं होतं. कागद खोडरबरावर गुंडाळा, तेलाचा थेंब टाका, पात्यावर कंपनीनं ज्या दिशेनं रेघा मारल्यात त्याच दिशेनं ओढा. आरशासारखं पातं असेल तर हा उपाय करूच नका, जिथं घासाल तिथं धुरकट पट्टा दिसेल. काळा रंग चढवलेल्या पात्यावर पण नको, रंग निघून आतलं उघडं पडतं. अन् ज्या पात्यांचा वरचा पोत वाळू मारल्यासारखा खरखरीत असतो त्यांना जंग मुळातच लवकर लागतो, कारण त्या बारीक खळग्यांत ओल थांबते, तिथं घासण्यापेक्षा तेल लावत राहणं बरं.

तारेची घासणी नको म्हणतो त्याचं कारण फक्त ओरखडे नाही. साध्या लोखंडाच्या तारेचे बारीक कण पात्यात रुतून बसतात अन् दोन दिवसांनी ते कणच जंगतात, मग वाटतं चाकूच जंगतोय, परत घासणी, परत कण. धारवाल्याकडून सायकलच्या चाकावर धार लावून आणल्यावर धारेच्या कडेनं तपकिरी रेघ उठते ती पण बरेचदा यामुळंच, त्याच दगडावर आधी कोणाचा तरी विळा, कोणाची कुऱ्हाड लागलेली असते. धार लावून आणली की त्याच संध्याकाळी साबण अन् सोडा एकदा फिरवा.

खड्डा पडला असेल तर

तो काळा टिंब. तिथं मिठानं पापुद्रा फोडून आत घर केलंय. खड्ड्याच्या तोंडावर जंग साचतो, आत हवा जात नाही, आतलं पाणी आंबट होत जातं अन् मीठ अजून आत ओढलं जातं, म्हणून तो पसरण्यापेक्षा खाली खाली जातो. तो पूर्ण काढायचा म्हणजे आजूबाजूचं सगळं पोलाद त्याच्या खोलीपर्यंत झिजवायचं, अन् एवढ्याशा टिंबासाठी पातं पातळ करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

त्यापेक्षा दात कोरायची काडी सोड्यात बुडवून खड्ड्यात फिरवा, आतली तपकिरी घाण निघेल तेवढी काढा, आरओच्या पाण्यानं धुवा, चांगला वाळू द्या, मग तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. खड्डा तसाच राहील पण काळा, कोरडा, झोपलेला. महिन्यानं परत पाहा, नारिंगी दिसला तर जागा आहे, परत तेच करा. फक्त खड्डा धारेवरच असेल तर गोष्ट वेगळी, तिथं धार तुटकी लागते, तो दगडावर पाजवूनच काढावा लागतो.

आणि हो, जंगाच्या चाकूनं कापलं म्हणून धनुर्वात होतो असं सगळे म्हणतात. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, जंगात नाही. पण वावरातल्या चाकूला माती लागलेलीच असते, तेव्हा चाकू चकचकीत असो की जंगलेला, जखम खोल असली तर साबणानं धुवा अन् प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनचं विचारा.

जोड आणि स्प्रिंग

पातं चकाचक अन् उघडताना करकर आवाज, म्हणजे खरा जंग आत आहे. पूर्वी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचो, राशनवर मिळायचं तोवर. आता डब्ल्यूडी-४० चा फवारा, जोडावर अन् मुठीच्या आतल्या खाचेत. दहा मिनिटं थांबून वीस-पंचवीस वेळा उघडमीट करा, तपकिरी-काळं पाणी बाहेर येईल, ते काडीला कापूस गुंडाळून पुसत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पेट्रोल वापरू नका, घरात चूल पेटलेली असते.

स्क्रूचा चाकू असला तरी पहिल्याच वेळी खोलायला जाऊ नका. ते चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, चुकीच्या पान्यानं तोंड झिजलं की संपलं, अन् आतली पातळ वॉशर उडून मातीत पडली की वावरात सुई शोधण्यासारखं.

डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला चांगलं, पण तेल म्हणून टिकत नाही अन् खायच्या चाकूला तर नकोच. म्हणून ते पुसून, धुऊन, कोरडं झालं की खरं तेल घाला. मी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणतो, ते पोट साफ व्हायला देतात ना, तेच. पहिल्या वेळी मेडिकलवाल्यानं विचारलं होतं, कोणाला त्रास आहे? म्हटलं, चाकूला. एक बाटली दोन-तीन वर्षं पुरते, वास नाही, चिकटत नाही, फळ कापलं तरी अडचण नाही. शिलाई मशीनचं तेल पण चांगलं, फक्त खायच्या चाकूला नको.

घरातलं तेल लावायचा मोह होतो, त्यात जवसाचं सगळ्यात वाईट, चटणीला कितीही गोड असो. जवस तेल हवेनं सुकून डिंकासारखं घट्ट होतं, म्हणून तर ते रंगात अन् लाकडाला वापरतात. जोडात गेलं की महिनाभरात चाकू नखानं उघडत नाही. सोयाबीनचं त्याच्याच वाटेनं जातं, जरा सावकाश. खोबरेल त्यातल्या त्यात बरं, पण २४ अंशाच्या खाली गोठतं, आपल्याकडे डिसेंबरात सकाळी बाटलीतूनच निघत नाही तर जोडात काय करणार.

तेल किती? जोडात एक थेंब. पात्यावर एवढं की बोट फिरवलं तर ओलसर लागेल पण दिसणार नाही. जास्त लावलं की धूळ अन् कापूस धरून बसतं.

रोजचं

वावरातून आल्यावर चाकू काढा, पुसा, उघडा ठेवा. फळ कापलं, पोतं फाडलं, की तिथंच दुपट्ट्याच्या टोकानं पुसून मगच मिटवा, दहा सेकंद लागत नाहीत. दुपट्टा घामानं भिजलेला असेल तर त्यानं नको, सदऱ्याचा कोरडा कोपरा पाहा. पोटॅश, कैरी-मीठ नाहीतर ब्लीच लागलं असेल तर पुसून भागत नाही, धुवावंच लागतं, घरी येईपर्यंत थांबू नका, सोबत जी प्यायच्या पाण्याची बाटली असते तीच ओता.

चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं पावसाळ्यात ओल धरतं. म्यान कमरेला लावायला ठीक, घरात आलं की चाकू बाहेर. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तेलाचा हात, बाकी वर्षभर महिन्यातून एकदा पुरे. बुटाच्या खोक्यात ती सिलिका जेलची पुडी येते ती फेकू नका, चाकू अन् ती पुडी एका डब्यात ठेवा, झाकण घट्ट पाहिजे. डबा कोठीघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवू नका, माझ्या घरी आधी तिथंच होता.